दिवस राहत नाहीत तेव्हा : गोव्यातील जोडप्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न फोंडा, डिचोली, पेडणे आणि सत्तरी या भागांतील ओळखीच्या, आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्या, जोडप्यांनी मला गेल्या काही वर्षांत विचारलेले आहेत. मी डॉक्टर नाही. मी व माझे यजमान सहा वर्षे या उपचारांतून गेलो, आणि त्यातली पहिली दोन वर्षे आमची वाया गेली, कारण सगळ्या तपासण्या माझ्या झाल्या आणि यजमानांची एकही झाली नाही. हा प्रश्न दोघांचा आहे आणि पहिल्या दिवसापासून दोघांनी मिळून उचलायचा आहे, हे पुढील उत्तरांत पुन्हा पुन्हा आलेले दिसेल. ते मी जाणूनबुजून तसे लिहिले आहे.

किती महिने वाट पाहिल्यावर डॉक्टरांकडे जावे?

कोणतेही संततिनियमन न करता नियमित संबंध ठेवूनही एका वर्षात दिवस राहिले नाहीत, तर दोघांनीही तपासणी करून घ्यावी. पत्नीचे वय ३५ किंवा त्याहून अधिक असेल तर सहा महिनेच थांबावे, आणि चाळिशी जवळ आली असेल तर लगेच जावे. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नसेल, पाळीच्या वेळी अंथरुणाला खिळवणाऱ्या वेदना होत असतील, पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया किंवा क्षयरोग झाला असेल, अथवा पतीला अंडकोषाचा काही आजार झालेला असेल, तर वर्षाची अट लागू नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील साधारण सहांपैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते, त्यामुळे दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर 'हे आमच्याच वाट्याला का' असे वाटले, तरी त्या बाकावर तुमच्या आधीही पुष्कळ जण बसून गेलेले असतात.

माझे यजमान बोटीवर असतात आणि वर्षातून दोन-तीन महिनेच घरी येतात. आमचे एक वर्ष कसे मोजायचे?

हा प्रश्न गोव्यात फार महत्त्वाचा आहे, आणि बाहेरच्या माहितीपत्रकांत त्याचे उत्तर सापडत नाही. लग्नाला चार वर्षे झाली, पण त्यांतले एकत्र राहिलेले महिने मोजले तर जेमतेम दहा भरतात, अशी जोडपी मी पाहिली आहेत. नातेवाईक चार वर्षे मोजतात. तुम्ही दोघे एकत्र असलेले महिनेच मोजा. मात्र वय कोणासाठी थांबत नाही, म्हणून पत्नी तिशीच्या पुढे असेल तर पुढच्या रजेची वाट पाहण्यात शहाणपण नाही. रजा सुरू होताच पहिल्याच आठवड्यात यजमानांची वीर्यतपासणी करून घ्यावी, कारण अहवालात दोष दिसला तर ती पुन्हा करावी लागते, आणि शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागत असल्याने औषधांचा किंवा दारू-सिगारेट सोडल्याचा परिणाम दिसेपर्यंत रजा संपलेली असते. पत्नीच्या तपासण्या यजमान बोटीवर असतानाच पूर्ण करून ठेवता येतात. उपचाराच्या वेळी ते उपस्थित राहू शकणार नसतील, तर निघण्यापूर्वी वीर्य गोठवून ठेवण्याची सोय आहे. त्यासाठी लेखी संमती लागते आणि उपचाराच्या कागदांवरही दोघांच्या सह्या लागतात, म्हणून जहाजावर चढण्याआधी हे सारे कागद पूर्ण झाले आहेत ना, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावे.

सुरुवातीला कोणत्या तपासण्या होतात?

पत्नीसाठी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची सोनोग्राफी, थायरॉइड, प्रोलॅक्टिन व एएमएच या रक्ततपासण्या, आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहणारी ट्यूब टेस्ट. ही टेस्ट पाळी थांबल्यानंतरच्या दिवसांत करतात आणि तिने काहींना बरेच दुखते. आधी वेदनाशामक गोळी मिळेल का, हे विचारण्यात कसलाही संकोच बाळगू नये. आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षयरोग हे नलिका बंद होण्याचे एक खरे कारण आहे, म्हणून कधी कधी त्याचीही तपासणी सांगतात. पतीसाठी सुरुवातीला एकच तपासणी असते, वीर्यतपासणी, आणि ती सगळ्यांत सोपी, स्वस्त व वेदनारहित असूनही आपल्या घरांत सगळ्यांत शेवटी होते.

यजमान वीर्यतपासणीला तयार नाहीत. काय करावे?

आमच्या घरीही हेच झाले. 'मला काही होत नाही, मी धडधाकट आहे' हे वाक्य मी दोन वर्षे ऐकले. शरीराची ताकद, शरीरसंबंधाची क्षमता आणि शुक्राणूंची संख्या या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्या दोन उत्तम असूनही तिसरीत दोष असू शकतो, हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्यावे. वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा पत्नीकडील कारणाबरोबर आढळते. अशा वेळी पत्नीला वर्षभर गोळ्या देत राहणे म्हणजे तिच्या शरीरावर विनाकारण भार टाकणे आहे, आणि पतीची तपासणी न करता जो डॉक्टर पत्नीला महिनोन्‌महिने औषधे देतो, तो डॉक्टर बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

लाज बहुधा नमुना देण्याच्या खोलीची असते. पुष्कळ प्रयोगशाळा घरून आणलेला नमुनाही स्वीकारतात, मात्र त्याआधी दोन ते सात दिवस संबंध टाळावा लागतो, डबी प्रयोगशाळेनेच दिलेली असावी लागते, ती अंगाजवळ उबेत ठेवावी लागते आणि साधारण तासाभरात पोहोचवावी लागते. काणकोण किंवा वाळपईहून बांबोळीच्या सरकारी रुग्णालयापर्यंतचा रस्ता धरला तर हे कठीण आहे. तेव्हा जवळच्या शहरातील प्रयोगशाळा निवडावी किंवा तिथेच नमुना द्यावा. एका अहवालावरून खचून जाऊ नये, कारण नुकत्याच येऊन गेलेल्या तापानेही आकडे खाली येतात. जिममध्ये घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने शुक्राणू शून्यावर आणू शकतात, हे तरुणांना अजून फारसे माहीत नाही. ती घेतली असतील तर डॉक्टरांपासून लपवू नयेत. आणि 'शून्य' असा अहवाल आला तरी वाट संपत नाही. काही पुरुषांत अंडकोषातून थेट शुक्राणू काढून इक्सी पद्धतीने, म्हणजे प्रयोगशाळेत एकेक शुक्राणू स्त्रीबीजात सोडून, गर्भधारणा करता येते.

एएमएच कमी आले आहे. म्हणजे माझी बीजे संपली का?

नाही. एएमएचवरून साधारण किती स्त्रीबीजे उरली आहेत आणि इंजेक्शनांना बीजकोश कसा प्रतिसाद देतील याचा अंदाज येतो. बीजांचा दर्जा त्यावरून कळत नाही. तो दर्जा मुख्यतः वयावर अवलंबून असतो. एएमएच कमी असलेल्या तरुण स्त्रीला नैसर्गिकरीत्याही दिवस राहू शकतात, पण तिने निर्णय लांबणीवर टाकू नये, एवढाच या आकड्याचा अर्थ आहे.

आययूआय आणि आयव्हीएफ यांत फरक काय?

आययूआयमध्ये धुऊन निवडलेले शुक्राणू बीज फुटण्याच्या सुमारास बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. काही मिनिटांचे काम असते, पण किमान एक नलिका मोकळी असावी लागते. आयव्हीएफमध्ये आठ ते बारा दिवस रोज इंजेक्शने घेऊन अनेक बीजे वाढवतात, बीजे पक्व करणारे शेवटचे 'ट्रिगर' इंजेक्शन दिल्यावर साधारण ३४ ते ३६ तासांनी भूल देऊन बीजे काढतात, प्रयोगशाळेत फलन घडवतात आणि तीन ते पाच दिवसांचा गर्भ गर्भाशयात ठेवतात. त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी दिवस राहिले की नाही हे सांगणारी बीटा एचसीजी ही रक्ततपासणी होते. ट्रिगरची वेळ डॉक्टरांनी रात्री साडेदहा सांगितली असेल तर साडेदहाच. ती चुकली तर सगळी मेहनत फुकट जाऊ शकते.

इतकी इंजेक्शने गावात राहून घेणे जमेल का?

जमते. बहुतेक इंजेक्शने पोटाच्या त्वचेखाली घ्यायची असतात आणि ती स्वतः घ्यायला शिकता येते, किंवा गावातील परिचारिकेची मदत घेता येते. अडचण येते ती साठवणुकीची. बरीचशी औषधे फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवायची असतात, आणि पावसाळ्यात सत्तरी-काणकोणच्या गावांत वीज तासन्‌तास जाते. औषध घेताना दुकानदाराला ते फ्रिजबाहेर किती काळ टिकते हे विचारून पाकिटावर लिहून घ्यावे, बर्फाची पाकिटे व थर्मास घरात तयार ठेवावा, आणि औषध बर्फाला चिकटून गोठणार नाही याची काळजी घ्यावी.

बीजे काढल्यानंतर पोट झपाट्याने फुगणे, एक-दोन दिवसांत वजन वाढणे, लघवी कमी होणे किंवा धाप लागणे ही बीजकोश अतिउत्तेजित झाल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी सकाळची वाट न पाहता केंद्राला फोन करावा, आणि धाप लागत असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

गोव्यात हे उपचार सरकारी रुग्णालयात मिळतात का?

मिळतात. बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात ऑगस्ट २०२३ मध्ये आययूआय व आयव्हीएफ उपचारांचे केंद्र सुरू झाले आणि तेथे उपचार मोफत ठेवण्यात आले. खासगी केंद्रात आयव्हीएफच्या एका फेरीला औषधांसह साधारण दीड ते अडीच लाख रुपये लागतात आणि एका फेरीत यश येईलच असे नसते, हे लक्षात घेतले म्हणजे ज्यांनी दागिने गहाण ठेवून उपचार केले त्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. जाताना दोघांनी जावे. जुने सर्व अहवाल तारखेनुसार लावून न्यावेत, आधारकार्डे आणि विवाहनोंदणीचा दाखला सोबत ठेवावा. गोव्यात लग्नाची नोंदणी सक्तीची असल्याने तो दाखला बहुतेकांच्या घरात असतोच. प्रतीक्षा किती, कोणती औषधे बाहेरून आणावी लागतील, हे पहिल्याच भेटीत विचारावे. खासगी केंद्र निवडायचे झाल्यास ते २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, हे आधी पाहावे. नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर दिसले पाहिजे.

यशाची शक्यता खरोखर किती असते?

'हमखास यश' असे फलक रस्त्यांवर दिसतात, त्यांवर विश्वास ठेवू नये. ब्रिटनमधील नियामक संस्था दरवर्षी आकडे प्रसिद्ध करते, आणि त्यांनुसार स्वतःची बीजे वापरणाऱ्या ३५ वर्षांखालील स्त्रियांत गर्भाशयात ठेवलेल्या साधारण तीन गर्भांपैकी एकातून बाळ जन्मते, तर चाळिशी ओलांडल्यावर हे प्रमाण दहांपैकी एकाच्या आसपास येते. केंद्राला विचारताना 'किती टक्के यश' असे विचारू नये; 'माझ्या वयाच्या स्त्रियांत बाळ घरी घेऊन जाणाऱ्यांचे प्रमाण किती' असे विचारावे, कारण बीटा अहवाल चांगला येणे आणि बाळ हाती येणे यांत नऊ महिन्यांचे अंतर असते. दोन-तीन गर्भ एकदम ठेवल्याने जुळ्या-तिळ्यांचा आणि अकाली प्रसूतीचा धोका वाढतो, म्हणून शक्य असेल तिथे एकच गर्भ ठेवणे मला योग्य वाटते.

'तू फार ताण घेतेस, म्हणून होत नाही' असे सगळे म्हणतात. हे खरे आहे का?

या वाक्याने जितक्या स्त्रियांना रडवले आहे तितके कोणत्याही इंजेक्शनाने रडवले नसेल. उपचारापूर्वीचा मानसिक ताण आणि त्या फेरीचे यशापयश यांचा संबंध तपासणाऱ्या १४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. त्यात साडेतीन हजारांहून अधिक स्त्रिया होत्या, आणि ताण असलेल्या स्त्रियांत अपयश अधिक येते असे आढळले नाही. तुम्ही रडलात म्हणून गर्भ रुजला नाही, असे घडत नाही. गर्भ ठेवल्यावर जिना चढलात, स्कूटरवर बसलात, पपईची फोड खाल्लीत, म्हणूनही नाही. बहुतेक वेळा न रुजण्याचे कारण गर्भातील गुणसूत्रांच्या दोषात असते, आणि तो दोष कोणाच्याही वागण्यातून आलेला नसतो. पंधरा दिवस पाठीवर पडून राहण्याचाही उपयोग सिद्ध झालेला नाही; हलकी कामे करावीत, ऑफिसला जावे.

ताण कमी करायचा तो तुम्हाला बरे वाटावे म्हणून. उपचार अर्ध्यावर सोडण्याचे एक मोठे कारण मनाचा थकवा हेच असते. झोप उडाली, जेवण जाईना, मरणाचे विचार येऊ लागले, तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते. बांबोळीलाच मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे, आणि तिथे जाणे म्हणजे 'वेडी ठरणे' ही समजूत आपण आता टाकून द्यायला हवी.

चवथीला मूळ घरी सगळे जमतात आणि 'यंदा तरी गोड बातमी?' असे विचारतात. काय उत्तर द्यावे?

माटोळी बांधताना, मोदक वळताना, आरतीनंतर, हा प्रश्न पाच दिवसांत पन्नास वेळा येतो. माझ्या अनुभवाने तीन गोष्टी उपयोगी पडल्या. एक, उत्तर घरून ठरवून न्यावे आणि ते दोघांचे सारखे असावे: 'आम्ही डॉक्टरांना भेटतो आहोत, काही सांगण्यासारखे झाले की आम्हीच सांगू.' दुसरे, पतीच्या नातेवाइकांना ते उत्तर पतीने द्यावे. सासूबाई, मोठ्या जाऊबाई किंवा आत्येसासूबाई यांच्यापुढे सून बोलली की ते उलट उत्तर ठरते. मुलगा बोलला की विषय संपतो. आमच्या घरी एका चवथीला यजमान सगळ्यांसमोर 'दोष माझ्याकडे आहे, तिला विचारू नका' असे म्हणाले, आणि त्या दिवसापासून मला कोणी विचारले नाही. हे धैर्य प्रत्येकाला लगेच जमणार नाही, पण अर्धे जमले तरी पत्नीच्या पाठीवरचे ओझे पुष्कळ उतरते. तिसरे, बारसे, डोहाळेजेवण अशा प्रसंगी न जाण्याचा तुम्हाला अधिकार आहे. बाळंतिणीला फोन करून शुभेच्छा द्याव्यात, भेट पाठवावी आणि घरी राहावे. ओटी भरताना एखादीला वगळण्याची रीत अजूनही काही घरांत आहे. ती क्रूर आहे, आणि घरातल्या मोठ्या बाईने पुढे होऊन ती मोडावी, एवढीच माझी विनंती आहे.

देवाला कौल लावला होता, आणि देवाने थांबायला सांगितले. मग तपासणी करावी का?

श्रद्धेबद्दल मला आदर आहे. मी स्वतः शांतादुर्गेला बोललेली आहे. नवस बोलावा, जत्रेला जावे, मनाला त्याने बळ मिळते. पण कौलासाठी एक जत्रा आणि दुसऱ्या कौलासाठी पुढची जत्रा अशी वर्षे जातात, आणि पस्तिशीनंतर बीजांची संख्या व दर्जा वेगाने घटतो. देवाला विचारायचेच असेल तर 'उपचाराला यश दे' असे मागावे. कोणी निनावी पुड्या किंवा काढे दिले असतील तर ते डॉक्टरांना दाखवल्याशिवाय इंजेक्शनांच्या काळात घेऊ नयेत.

टेस्ट ट्यूबची मुले अशक्त असतात का? सासूबाईंना भीती वाटते.

जगातील पहिले असे, म्हणजे आयव्हीएफने झालेले, बाळ २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मले. त्या मुलीला पुढे नैसर्गिकरीत्या स्वतःची मुले झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूच्या प्रयत्नांतून ऑगस्ट १९८६ मध्ये मुलगी जन्मली. आज जगभर अशी लाखो माणसे इतरांसारखीच जगत आहेत. अकाली प्रसूतीचा धोका काहीसा अधिक असतो, विशेषतः जुळ्यांत, म्हणून गरोदरपणात तपासण्या चुकवू नयेत.

मुलगाच हवा, अशी निवड करता येते का?

नाही. तो गुन्हा आहे, आणि तशी हमी देणाऱ्या केंद्रातून उठून यावे.

दात्याचे बीज किंवा सरोगसी यांविषयी कायदा काय सांगतो?

उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. बीजदान करणारी स्त्री २३ ते ३५ वयाची असते आणि आयुष्यात एकदाच दान करू शकते; खरेदी-विक्रीला बंदी आहे. जन्मलेले मूल कायद्याने पूर्णपणे तुमचेच असते, दात्याचा त्यावर हक्क राहत नाही. सरोगसी, म्हणजे तुमचे मूल दुसऱ्या स्त्रीने पोटात वाढवणे, केवळ परोपकारी स्वरूपात, वैद्यकीय गरज सिद्ध झाल्यावरच करता येते. बहीण, वहिनी किंवा मावशी तयार झाली, तरी तिच्यावर घराचा दबाव नाही ना, हे तिच्याशी एकांतात बोलून जाणून घ्यावे.

दत्तक घेण्याचा विचार कधी करावा?

उपचार पूर्ण थांबवल्यावरच करावा, असे नाही. नोंदणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर होते, लग्नाला किमान दोन वर्षे झालेली असावी लागतात, आणि दोन वर्षांखालील बाळासाठी दोघांच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा अधिक चालत नाही. तान्ह्या बाळासाठी काही वर्षे थांबावे लागते, त्यामुळे ही बेरीज आजच करून पाहावी. ओळखीच्या सुईणीकडून किंवा एखाद्या गरीब कुटुंबाकडून परस्पर बाळ घेणे बेकायदेशीर आहे. 'दत्तक घेतले की पाठोपाठ स्वतःचे होते' असे सांगणारे भेटतील. त्या आशेवर बाळ घरी आणू नये, ते त्या बाळावर अन्याय करणारे आहे.

थांबायचे कधी, हे कसे ठरवावे?

फेरी सुरू होण्यापूर्वीच ठरवावे, कारण अपयशाच्या दुसऱ्या दिवशी माणूस एक तर काहीही करायला तयार होतो किंवा काहीच नको म्हणतो. किती फेऱ्या, किती पैसा, कोणत्या वयापर्यंत, हे दोघांनी एका कागदावर लिहून ठेवावे, आणि दोघांपैकी एकाने 'आता माझ्याने होत नाही' म्हटले तर तेवढे कारण पुरेसे मानावे. आम्ही चौथ्या फेरीनंतर थांबलो. तेव्हा आमचे दोन गर्भ केंद्रात गोठवलेले होते, आणि त्यांचे काय करायचे हा प्रश्न उपचारांपेक्षा अवघड गेला. कायद्याने गर्भ दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. त्यानंतर ते नष्ट होऊ देतात किंवा दोघांच्या संमतीने संशोधनासाठी देता येतात. साठवणुकीचे शुल्क वेळोवेळी भरावे लागते, आणि पत्ता किंवा फोन बदलला तर केंद्राला लेखी कळवावे लागते. हा निर्णय घाईने घेण्याचे कारण नाही. आम्ही एक वर्ष शुल्क भरले, दुसऱ्या वर्षीही भरले, आणि तिसऱ्या वर्षी पावसाळा संपल्यावर एका सकाळी दोघांनी बरोबर जाऊन कागदावर सह्या केल्या.